आकाशातून मांस, हवाई जहाजाने पळवलेली गाय: जुन्या गूढ बातम्या वाचताना या चुका टाळा

3 मार्च 1876. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बाथ काउंटीत, एक बाई अंगणात साबण तयार करत होत्या. आभाळ स्वच्छ होतं आणि वरून मांसाचे तुकडे पडायला लागले. 'न्यू यॉर्क टाइम्स'नेसुद्धा बातमी छापली. हे कात्रण आजही 'न उकललेलं गूढ' म्हणून फिरत असतं.

फिरवणाऱ्यांनी पुढचे अंक उघडलेलेच नसतात. त्याच वर्षीच्या वैज्ञानिक आणि वैद्यकीय नियतकालिकांत या तुकड्यांवर भरपूर चर्चा झाली. नमुने सूक्ष्मदर्शकाखाली गेले, तेव्हा त्यात फुप्फुसाचं ऊतक, स्नायू आणि कूर्चा सापडली. गिधाडं उडताना पोटातलं ओकून टाकतात आणि एकाने ओकलं की बाकीचीही ओकतात, हा खुलासा तेव्हाच पुढे आला होता. किळसवाणा आहे, पण पटण्यासारखा आहे. म्हणून एक सवय लावून घ्या: गूढ बातमी मिळाली की त्याच वर्तमानपत्राचे पुढचे निदान पंधरा दिवसांचे अंक चाळा. खुलासा पहिल्या पानावर नसतो. आतल्या पानावर, चार ओळींत, बाजारभावाच्या शेजारी दडलेला असतो.

शेवटचा परिच्छेद न वाचणे

9 नोव्हेंबर 1874 च्या 'न्यू यॉर्क हेरल्ड'मध्ये सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून हिंस्र प्राणी सुटल्याची आणि त्यांनी माणसं मारल्याची लांबलचक हकिकत आली. लोक घाबरून घरात बसले. शेवटी लिहिलं होतं की हे सगळं काल्पनिक आहे. तिथपर्यंत पोचले किती? आपणही कात्रणाचा वरचा अर्धा भाग पाहून तीच चूक करतो.

पन्नास पेपरांत आली म्हणजे पन्नास साक्षीदार समजणे

ही चूक मला सगळ्यांत महागात पडलेली आहे. एकाच घटनेची ढीगभर कात्रणं जमवली, नीट लावून पाहिली, तर सगळ्यांत तीच वाक्यं आणि गावाच्या नावाचं तेच चुकीचं स्पेलिंग! अमेरिकेत 1792 च्या टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांना अंक मोफत पाठवता येत. आलेल्या अंकातला मजकूर कापायचा आणि आपल्या पेपरात रिकाम्या राहिलेल्या जागेत लावायचा, हा रोजचा व्यवहार होता. त्यामुळे सर्वांत जुनी तारीख शोधा आणि घटना घडली त्या गावाचा स्वतःचा पेपर काय म्हणतो ते पाहा. गावात एवढा मोठा प्रकार घडून गावच्या पेपरात अक्षरही नसेल, तर कान टवकारायला हवेत.

सह्या-शिक्क्यांनाही भुलू नका. एप्रिल 1897 मध्ये कॅन्ससमधल्या अलेक्झांडर हॅमिल्टन या शेतकऱ्याने आपली गाय हवाई जहाजातून आलेल्यांनी दोरीने उचलून नेल्याचं सांगितलं. गावातल्या प्रतिष्ठितांनी 'हा माणूस खोटं बोलणार नाही' असं प्रतिज्ञापत्र सह्यांनिशी दिलं आणि तेही छापून आलं. पुढे उघड झालं की ही ठरवून मारलेली थाप होती. गावात थापा रंगवणाऱ्यांचं मंडळच होतं म्हणे!

मूळ सोडून नंतरची गोष्ट वाचणे

'मेरी सेलेस्ट' हे जहाज डिसेंबर 1872 मध्ये अटलांटिक महासागरात माणसांविना तरंगताना सापडलं. टेबलावर गरम चहा होता, अर्धवट खाल्लेली न्याहारी होती, सगळ्या होड्या जागच्या जागी होत्या, असं आपण ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात जीवरक्षक होडी गायब होती आणि गरम चहा नंतरच्या सांगणाऱ्यांनी ओतला. 1884 मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी या घटनेवरून एक कथा लिहिली. तिच्यात जहाजाचं नाव 'मारी सेलेस्ट' होतं आणि होड्या शाबूत होत्या. लोकांनी कथेतलं नावही उचललं आणि होड्याही.

बातमी सापडतच नसेल तर

बहुतेक वेळा घोटाळा तारखेत असतो. जुन्या इंग्रजी पेपरात तारखेपुढे 'अल्ट.' असेल तर गेला महिना आणि 'इन्स्ट.' असेल तर चालू महिना. रशियात 1918 पर्यंत जुनी, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे असलेली दिनदर्शिका चालू होती. म्हणून सायबेरियात तुंगुस्का नदीच्या परिसरात आकाशात झालेला 30 जून 1908 चा प्रचंड स्फोट तिथल्या पेपरांत 17 जूनचा म्हणून दिसतो.

दुसरा घोटाळा संगणकाचा. स्कॅन वाचताना तो शेजारच्या स्तंभातल्या ओळी सरळ जोडतो आणि भुताच्या हकिकतीत मधेच केशतेलाची जाहिरात घुसते. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईतला लांब 'एस' त्याला 'एफ' वाटतो, त्यामुळे नेमका शब्द टाकला की काहीच हाती लागत नाही. तो शब्द 'एफ' घालून शोधा आणि पानाचं मूळ चित्र डोळ्यांनी वाचा.

सगळंच थोतांड म्हणून फेकून देणे

एवढ्या थापा वाचल्यावर माणूस या टोकाला जातो. सप्टेंबर 1883 मध्ये मद्रास आणि सिलोनकडे सूर्य हिरवा दिसल्याच्या बातम्या आल्या, त्या खऱ्याच होत्या. ऑगस्टअखेर इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला होता आणि त्याची राख हवेत पसरली होती. नोव्हेंबरमध्ये तर अमेरिकेत संध्याकाळचं आभाळ इतकं लाल झालं, की आग लागली समजून न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी शहरात अग्निशामक बंब धावले.

आणि तुंगुस्काचं प्रकरण पाहा. 1921 मध्ये लिओनिद कुलिक या शास्त्रज्ञाच्या हाती भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान आलं. त्याच्या मागे बातमीचा मजकूर छापलेला होता: कान्स्क शहराजवळ रेल्वेमार्गालगत प्रचंड अशनी पडला, आगगाडी थांबवून प्रवासी पाहायला उतरले, पण दगड इतका तापलेला होता की जवळ जाता येईना. यातला दगडाचा भाग निखालस खोटा होता. कुलिकने मात्र पान फेकलं नाही. दगड नसेल, पण गडगडाट कुणीतरी ऐकला असेल, म्हणून तो माणसांना विचारत सुटला. 1927 मध्ये तो कान्स्कपासून शेकडो किलोमीटर दूर तैगाच्या जंगलात पोचला. तिथे तापलेला दगड नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत झाडं आडवी झाली होती, सगळ्यांची मुळं एकाच मध्याकडे वळलेली.