डोंगरगावातील ऐतिहासिक हॉटेलात उतरताना

डोंगरातील लहान गावच्या जुन्या हॉटेलात उतरायचे असेल, तर खोली आणि जेवणाचे टेबल यांचे आरक्षण एकाच वेळी, शक्यतो फोनवरून करावे. कारण अशा ठिकाणी स्वयंपाकघर बहुधा लवकर बंद होते आणि नंतर गावात दुसरीकडे काही मिळेलच याची खात्री नसते. खोली मुख्य इमारतीतील आहे की मागाहून बांधलेल्या भागातील, हे स्पष्ट विचारावे. जाहिरातीतील छायाचित्रे बहुधा मुख्य इमारतीचीच असतात. तेथे अनेकदा लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात आणि वरच्या लाकडी जमिनीवर कोणी चालले की खाली प्रत्येक पाऊल ऐकू येते, म्हणून झोप सावध असणाऱ्यांनी सर्वांत वरचा मजला मागावा.

जेवणाची घाई करू नये. सुमारे २००० मीटर उंचीवर पाणी ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे उकडून शिजणाऱ्या पदार्थांना वेळ लागतो. त्यात वाढप्याचा दोष नसतो. खिडकीजवळची जागा दिवसा उत्तम, रात्री मात्र जुन्या तावदानांच्या फटींतून गार वारा येतो, तेव्हा शेकोटीजवळचे टेबल आधीच सांगून ठेवावे.