नव्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला? आधी गाडी धुऊ नका

नव्या मोटरसायकलखाली डाग दिसला की बहुतेक लोक फडकं घेऊन तो पुसतात, गाडी चकाचक धुतात आणि मग सर्व्हिस सेंटर गाठतात. माझी पहिली विनंती हीच, की गाडी धुऊ नका. कराडच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसून मी बरीच वर्षं जॉबकार्ड, म्हणजे गाडीची तक्रार आणि करायचं काम नोंदवायची कार्डं, लिहिली. तिथे गाडी आत गेली की आधी वॉशिंगला जायची आणि मग मेकॅनिकच्या हातात यायची. तोवर तेलाचा माग पाण्याबरोबर गटारात गेलेला असायचा. मेकॅनिक वाकून बघणार, तर सगळं कोरडं. कार्डावर ‘लीकेज आढळले नाही’ असा शेरा पडायचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच डाग बघायचं. यात लबाडी कुणाचीच नसते, कामाचा क्रमच तसा असतो. म्हणून पुरावा तुम्हालाच जपावा लागतो.

आता, हे इंजिन ऑइलच आहे का ते बघू. पांढरा टिश्यू पेपर किंवा जुन्या बनियनची चिंधी त्या थेंबावर टेकवा. इंजिन ऑइल नवं असताना मधाच्या रंगाचं दिसतं, काहीशे किलोमीटरनंतर काळपट होतं. बोटांत चोळलं तर गुळगुळीत लागतं आणि कागदावरचा डाग वाळत नाही, पसरत जातो. पेट्रोल वासावरून लगेच कळतं आणि बघता बघता उडून जातं. पण पेट्रोल गळत असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, टाकीचा कॉक असेल तर बंद करा, गाडी चालू न करता मोकळ्या जागी ढकला आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावा. सायलेन्सरच्या टोकाशी किंवा खालच्या बारीक भोकातून काजळी मिसळलेलं पाणी ठिबकतं, थंडीत जास्तच. ते बाष्पाचं पाणी, त्याची काळजी नको. गाडी लिक्विड कूल्ड असेल तर हिरवं, निळं किंवा गुलाबी कूलंटही, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रवही, असू शकतं. आणि हँडलवरच्या डबीच्या किंवा चाकाजवळच्या कॅलिपरच्या (ब्रेक डिस्क पकडणाऱ्या भागाच्या) आसपास पिवळसर पातळ द्रव दिसला तर ते ब्रेक ऑइल. ते रंग खातं आणि ते गळत असताना गाडी चालवणं म्हणजे ब्रेकविना चालवणं.

माझ्याकडे ‘नव्या गाडीचं ऑइल मारतंय’ म्हणून येणाऱ्यांत चेनच्या वंगणाचे डाग भरपूर असायचे. नवी चेन वंगणानं माखलेली असते, गरम झाली की ते सुटतं आणि मागच्या रिमवर, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) कव्हरखाली जमतं. ते चिकट, जाड आणि धूळ धरणारं असतं. बोटाला तार सुटली तर समजा चेनचंच आहे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाची गोल रेघ दिसली तर ते फोर्क ऑइल, म्हणजे सीलचा प्रश्न. तोही वॉरंटीत दाखवायचाच, पण इंजिनाशी त्याचा संबंध नाही.

तेल इंजिनाचंच असेल तर ते कुठून येतंय ते शोधायचं. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एक नसते. तेल खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्यानं मागे ढकललं जातं. शिवाय साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे उजव्या बाजूचं किंवा मधलं तेलही डावीकडे येऊन टपकतं. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा, खालचा थेंब नव्हे.

त्यासाठी आधी आहे त्या अवस्थेत फोटो काढा: एक लांबून, एक जवळून आणि एक मीटरवरच्या किलोमीटरचा. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तेवढाच भाग डिग्रीझरनं किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडा करा. ब्रेक डिस्क, टायर आणि सीट यांना हे लागू देऊ नका. कोरड्या जागेवर साधी टाल्कम पावडर हलक्या हातानं भुरभुरवा, पण गरम सायलेन्सरच्या पाइपवर नको. पाच-सात किलोमीटर गाडी चालवून आणा आणि टॉर्चनं बघा. पांढऱ्या पावडरीत तेलाची वाट स्वच्छ उमटते. आमच्या फ्लोअरवरचे जुने मेकॅनिक हेच करायचे. पावडरीचा डबा टूलट्रॉलीत असायचा, त्यावरून थट्टाही व्हायची. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि चाकं कुठे टेकलीत त्याच्या खुणा पेनानं करा, म्हणजे रोजचा डाग त्याच जागी पडतो की सरकतो ते समजतं.

पहिल्या सर्व्हिसिंगनंतर गळती सुरू झाली असेल तर ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरचं झाकण आधी बघा. बोल्टखालचा वॉशर बदलला नसेल किंवा झाकणाची रबरी रिंग दुमडली असेल तर तिथूनच ओल येते. शोरूममधून बाहेर पडल्यापासूनच गळत असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, क्लच किंवा मॅग्नेट साइडच्या, म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंच्या, कव्हरची कड, गिअर शाफ्टचं सील आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील ही नेहमीची ठिकाणं. पाडव्याला, दसऱ्याला एका दिवसात ढीगभर गाड्या जातात, तेव्हा डिलिव्हरीआधीची तपासणी कशी उरकली जाते ते मी पाहिलं आहे. मुहूर्त साधा, पण गाडी ताब्यात घेताना खाली वाकून एकदा टॉर्च मारा.

ऑइल जास्त भरलं असेल तरी ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन तिथून ठिबकतं. म्हणून पातळी तपासा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, गाडी सपाट जागी सरळ उभी करा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. इंजिनाला तेल दिसायची काच असेल तर दोन रेघांच्या मधे तेल हवं. तेल मोजायची काडी असेल तर बऱ्याच गाड्यांत ती पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. तुमच्या गाडीचं काय ते पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. शंभर सीसीच्या गाडीत तेल जेमतेम लिटरभर, त्यामुळे थोडी घटही मनावर घ्यावी.

जोडावर नुसता ओलावा असेल तर सर्व्हिस सेंटरपर्यंत गाडी आरामात नेता येते. पण इंजिन चालू असताना थेंब टपाटप पडत असतील, पातळी खालच्या रेघेखाली गेली असेल, ऑइलचा लाल दिवा लागला असेल किंवा तेल मागच्या टायरवर वा डिस्कवर आलं असेल, तर गाडी तिथेच उभी करा आणि उचलून न्यायला सांगा. वळणावर तेलकट टायर इशारा देत नाही.

शेजारचे काका पाना घेऊन येतीलच. त्यांना चहा द्या, पाना देऊ नका. इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं. ड्रेन बोल्ट जरा जास्त आवळला की आटे जातात आणि पाच मिनिटांचं काम मोठ्या बिलाचं होतं. वर ‘बाहेर हात लावलाय’ म्हणून वॉरंटीवर वाद होतो तो वेगळाच. एम-सील, सिलिकॉन यांतलं काहीही लावू नका.

आता काउंटर. ‘ऑइल लीक चेक करणे’ एवढंच लिहून घेतलं तर समजा काहीच लिहिलं नाही. असं सांगा: ‘डाव्या बाजूला गिअर लिव्हरच्या वरच्या जोडाला इंजिन ऑइलचा ओलावा. पाच किलोमीटर चालवल्यावर थेंब पडतो. वॉशिंगआधी तपासणे.’ शेवटचे दोन शब्द माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. शक्य असेल तर सुपरवायझरला तिथेच खाली वाकवून दाखवा आणि कार्डाची प्रत घ्या. ‘नव्या गाडीला एवढं सीपेज (पाझरणं) चालतं’ असं उत्तर मिळालं तर भांडू नका, तेच वाक्य कार्डावर लिहून सही द्यायला सांगा. हे मागितल्यावर पुष्कळदा मेकॅनिकला हाक मारली जाते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगते आहे.

तीच तक्रार घेऊन पुन्हा जावं लागलं तर आधीच्या जॉबकार्डाचा नंबर नव्या कार्डावर लिहून घ्या आणि सगळ्या प्रती, फोटो जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. तरी हलत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

गाडी परत घेताना काय बदललं ते विचारा: पॅकिंग, सील की नुसता बोल्ट आवळला. तिथल्या तिथे पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून टॉर्चनं ती जागा बघा, पातळीही बघा, आणि मगच सही करा. घरी आल्यावर पुठ्ठा आठवडाभर तरी खाली राहू द्या.