४४३ पोर्टला परवानगी होती, तरी सर्व्हर बाहेरून मिळेना

आमच्या सर्व्हरवर एनजिनएक्स हा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन मागच्या ॲप्लिकेशनकडे देणारा मध्यस्थ) ४४३ पोर्टवर, म्हणजे एचटीटीपीएसच्या (एन्क्रिप्टेड वेब जोडणीच्या) नेहमीच्या पोर्टवर, चालू होता आणि त्याच्या मागे ८०८० वर मूळ ॲप्लिकेशन होते. सर्व्हरवरूनच विनंती पाठवली की पान व्यवस्थित मिळे. बाहेरून मात्र ब्राउझर बराच वेळ थांबून ‘टाइमआउट’ दाखवत असे. पोर्टवर कोणी ऐकत नसेल तर जोडणी सहसा लगेच नाकारली जाते. उत्तरच येत नसेल, तर वाटेतली फायरवॉल (येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्या गाळणारी यंत्रणा) आधी तपासावी.

आयपीटेबल्स या लिनक्सवरील फायरवॉलचे नियम क्रमांकांसह पाहिले, तेव्हा कारण सापडले. ४४३ ला परवानगी देणारा नियम यादीत होता, पण सर्व काही अडवणाऱ्या ‘ड्रॉप’ नियमाच्या खाली. नियम वरून खाली तपासले जात असल्याने पॅकेट (नेटवर्कवरून येणारा माहितीचा तुकडा) परवानगीपर्यंत पोहोचतच नव्हते. तो नियम वर घेताच जोडणी झाली.

मग पान स्वतःकडेच पुन्हा पुन्हा वळू लागले. एन्क्रिप्शन प्रॉक्सीपाशी संपून पुढे साधे एचटीटीपी जात होते, म्हणून ॲप्लिकेशन प्रत्येक विनंती असुरक्षित समजून एचटीटीपीएसकडे परत पाठवत होते. प्रॉक्सीने ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर (मूळ विनंती एचटीटीपीने आली की एचटीटीपीएसने, हे सांगणारी नोंद) पाठवावा आणि ॲप्लिकेशनने तो केवळ प्रॉक्सीकडून आल्यासच मानावा, अशी व्यवस्था केल्यावर हा फेरा थांबला. ॲप्लिकेशन फक्त १२७.०.०.१ या, त्याच सर्व्हरच्या आतूनच पोहोचता येणाऱ्या, पत्त्यावर ऐकेल असे केले. मला ही पायरी सर्वांत आवश्यक वाटते, कारण एरवी फायरवॉलमध्ये ८०८० चुकून उघडा राहिला, तर त्यावरून प्रॉक्सीला वळसा घालून कोणीही थेट आत येऊ शकते. ८० पोर्ट मात्र उघडा ठेवला, कारण एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रे मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी-०१ ही डोमेनची पडताळणी त्याच पोर्टवरून सुरू होते. शेवटी आयपीटेबल्सचे नियम जतन केले, कारण तसे न केल्यास सर्व्हर पुन्हा सुरू होताच ते नाहीसे होतात.