डोंगरउतारावरील गोल्फ मैदानात प्रत्येक होलची आखणी

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरसारख्या डोंगरी भागातील खासगी क्लबच्या मैदानावर खेळण्याची संधी मिळाल्यास, पहिल्या फटक्यापूर्वी स्कोअरकार्डवरील स्ट्रोक इंडेक्सचा, म्हणजे होलच्या अवघडपणाच्या क्रमवारीचा (१ म्हणजे सर्वांत अवघड), रकाना वाचावा आणि जे होल त्यात अवघड दिसतील, तेथे पारपेक्षा (त्या होलसाठी ठरलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा) एक फटका जास्त लागेल असे धरूनच आखणी करावी. सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडू समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण पाच टक्के लांब जातो. मात्र ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) चढावर असेल तर हा फायदा तेथेच संपतो आणि एक क्रमांक लांबचा क्लब (फटका मारण्याची काठी) घ्यावा लागतो.

खरी परीक्षा आडव्या उतारावर होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांच्या पातळीपेक्षा वर असल्यास तो डावीकडे वळतो, म्हणून दांडा थोडा खाली धरून नेम उजवीकडे ठेवावा; चेंडू पायांच्या पातळीखाली असल्यास गुडघे अधिक वाकवून नेम डावीकडे घ्यावा, आणि दोन्ही वेळा पूर्ण ताकद लावण्याचा मोह टाळावा, कारण तोल गेला की फटका वाया जातो.

पार-३ होलवर झेंडा कोठेही असो, ग्रीनचा मध्य साधावा. पार-५ वर दुसरा फटका ग्रीनपासून आपल्या आवडत्या अंतरावर थांबवावा. ग्रीनचा कल कॅडीला (सामान वाहणाऱ्या मदतनिसाला) जरूर विचारावा; त्याच्याइतकी ती जमीन कोणालाच ठाऊक नसते. चेंडू झाडीत हरवल्यासारखा वाटल्यास लगेच प्रोव्हिजनल (तात्पुरता पर्यायी) चेंडू जाहीर करून खेळावा, कारण २०१९ पासून शोधासाठी तीनच मिनिटे मिळतात.