दारातल्या द्राक्षवेलीला खत: कधी, किती आणि कधी हात आवरायचा

नाशिकला आमच्या अंगणातली वेल तिसऱ्या वर्षी इतकी माजली, की भर दुपारी मांडवाखाली अंधार व्हायचा. जूनमध्ये मी कौतुकाने दोन मुठी युरिया घातला होता. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटी जोरात आल्या, पण घडांच्या जागी नुसत्या बाळ्या (आधाराला गुंडाळणारे तंतू) वळवळत होत्या.

आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड दिसतो गोडी छाटणीनंतर, पण काडीच्या डोळ्यात तो तयार होतो एप्रिलच्या छाटणीपासून साधारण ४० ते ६० दिवसांत. नेमकं तेव्हा नत्र (युरियातून मिळतं ते) जास्त झालं, की पाला वाढतो, काडी सावलीत जाते आणि घड जिरतो, म्हणजे घडाऐवजी बाळी निघते. म्हणून खत छाटणीच्या हिशेबाने द्यायचं. खालचं प्रमाण तीन-चार वर्षांच्या वेलीचं आहे. लहान वेलीला निम्म्याहून कमी.

आधी खरड छाटणीच्या पंधरा दिवस अगोदरचं काम. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर वीतभर खोल चर घ्या. बुंध्याला चिकटून खत टाकून उपयोग नाही, अन्न शोषणारी पांढरी मुळी बाहेरच्या बाजूला असते. चरात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड टाकून मातीने बुजवा आणि भरपूर पाणी द्या. ताजं शेण नको, मुळं भाजतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते.

फुटी वीतभर झाल्या, की २५ ग्रॅम युरिया ओल्या मातीत द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढाच. फुटी मुळातच जोमदार असतील तर दुसरा हप्ता गाळा. छाटणीपासून चाळिसाव्या दिवसानंतर युरियाचा डबा माळ्यावर! साठाव्या दिवसाच्या आसपास ५० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश पाण्यात विरघळवून द्या. दुकानात 'झिरो झिरो पन्नास' मागितलं की मिळतं. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यातलं क्लोराइड द्राक्षाला सोसत नाही.

गोडी छाटणीआधी चराचं काम पुन्हा करा, या वेळी शेणखत एकच घमेलं. छाटणीनंतर फुटी अशक्त दिसल्या तरच २५ ग्रॅम युरिया. मण्यात पाणी उतरू लागलं, म्हणजे मणी मऊ पडू लागले, की 'झिरो झिरो पन्नास'चे ५० ग्रॅम दोन हप्त्यांत. आता नत्र दिलंत तर मणी मऊ राहतात, गोडी उशिरा भरते.

अधूनमधून पानं बघत जा. खालची जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडली, तर मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं. लिटरला २ ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व.

घड उतरवल्यावर खरड छाटणीपर्यंत वेल विश्रांतीत असते. तेव्हा पाणी तोडू नका. खत म्हणाल तर चराचं काम येईपर्यंत दोन ओंजळी गांडूळखत पुरे.