मॉस कॅम्पियन लावताय? या चुका टाळा

मॉस कॅम्पियनची बरीच रोपं त्याच्या दिसण्यामुळेच जातात. जमिनीला चिकटलेली ती हिरवीगार, गोल उशी पाहून हे शेवाळच वाटतं. मग कुंडी सावलीत जाते आणि रोज वरून फवारा सुरू होतो. खरं तर हे कार्नेशनच्या कुळातलं फुलझाड. शास्त्रीय नाव सिलीन अकॉलिस. अकॉलिस म्हणजे खोड नसलेलं. आर्क्टिक टुंड्रा, आल्प्स, रॉकी पर्वत अशा उघड्या, वाऱ्याच्या जागी ते वाढतं, आणि त्या इवल्याशा उशीखाली खूप खोल गेलेलं सोटमूळ असतं. पाणी हवं ते या मुळाला. उशी कोरडीच बरी.

म्हणून पसरट ताटली नको, खोल कुंडी घ्या. मातीत निम्मी तरी जाडी वाळू किंवा बारीक खडी असू द्या. मूळ जिथे उशीला मिळतं तिथे खडीचा थर द्या, कारण सड बहुधा तिथूनच सुरू होते. उन्हाची जागा निवडा आणि पाणी कडेने घाला.

उशीच्या मधोमध तपकिरी डाग पडला, तर लगेच खत घालू नका. जुनी पानं आतच वाळून राहतात, ओल धरतात आणि कुजतात. मेलेला भाग चिमट्याने काढा आणि पोकळीत चाळलेली वाळू भरा. हिवाळ्यात वर काचेचं छप्पर द्या, बाजू मात्र मोकळ्या ठेवा. थंडी हे रोप सहज सोसतं. थंडीतली ओल सोसत नाही.

सगळ्यात जास्त तक्रार फुलांची. इथे घाई हीच चूक. रानात पहिलं फूल यायला दहाएक वर्षं लागू शकतात, आणि मोठी उशी शंभरी ओलांडलेली असू शकते. नत्राचं खत दिलं की उशी सैल होते, पानं लांबतात, फुलं येत नाहीत. सखल भागात तर सगळं नीट करूनही ती मोजकीच येतात, हे आधीच मान्य केलेलं बरं. उत्तर गोलार्धात बहर अनेकदा दक्षिणेकडून सुरू होतो, तेव्हा अर्धीच उशी गुलाबी दिसली म्हणून घाबरू नका. बी धरत नसेल तर रोप एकटं आहे का पाहा: काही रोपांना फक्त मादी फुलं येतात, त्यांना शेजारी द्विलिंगी रोप लागतं.

उन्हाळ्यातल्या रात्रीही जिथे गरम असतात, तिथे मात्र हा खटाटोप करू नये. ही उशी उन्हाची ऊब धरून ठेवते. टुंड्रात त्यावरच ती जगते, उकाड्यात त्यानेच होरपळते.

आणि डोंगरावरून रोप उपटून कधीच आणू नका. सोटमूळ तुटतं आणि कित्येक दशकांची उशी वाया जाते. बी पेरा, ट्रे हिवाळाभर बाहेर थंडीत ठेवा, आणि मूळ लांबायच्या आत रोपं कायमच्या कुंडीत हलवा.