डेंग्यूच्या डासाची अंडी रांजण-हौदातून कशी काढावीत

आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करावीत, हे विदर्भातल्या गावागावांत आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि ‘कोरडा दिवस’ मनापासून पाळणारी घरेही पुष्कळ आहेत. तरीही रविवारी रिकामा करून भरलेल्या रांजणात बुधवारी अळ्या वळवळताना दिसतात, कारण पाणी ओतले तरी अंडी भांड्यालाच चिकटून राहिलेली असतात. नुसते पाणी ओतून द्या, असे सांगणाऱ्यांनी त्या भांड्याच्या आत कधी हात घातलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंड्यांची एवढी काळजी का करायची, तेही समजून घ्यावे. एडिस इजिप्ती जातीची मादी डेंग्यूच्या रुग्णाला चावली की साधारण 8 ते 12 दिवसांत विषाणू तिच्या लाळेत उतरतो. तो तिच्या अंडाशयातही शिरू शकतो. कधी अंडे तयार होत असतानाच त्याला लागण होते, तर कधी पूर्ण वाढलेले अंडे अंडनलिकेतून बाहेर पडताना होते, आणि त्यातून निघालेला डास कोणत्याही रुग्णाला न चावताच विषाणू घेऊन जन्मतो. वस्तीतून गोळा केलेल्या अळ्यांत आणि रक्त न पिणाऱ्या नर डासांतही हा विषाणू सापडलेला आहे. अशा वारशाचे प्रमाण कमी असते आणि साथ मुख्यतः रुग्णाकडून डासाला व डासाकडून दुसऱ्या माणसाला अशीच पसरते. पण अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे पावसाळ्यानंतर ओसरीत ठेवलेल्या कूलरमध्ये पुढच्या उन्हाळ्याची पिढी तयार बसलेली असू शकते.

आधी पाणी उपसावे. पाण्याची टंचाई असेल तर ते दुहेरी कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात ठेवावे आणि कापड उन्हात झटकावे.

खरे काम घासण्याचे आहे. मी स्वतः दोन पावसाळे ओल्या फडक्याने रांजण पुसत राहिले आणि अळ्या येतच राहिल्या. शेवटी एकदा रांजण आडवा करून आत मोबाइलचा उजेड टाकला, तेव्हा पाण्याच्या रेषेच्या थोडे वर खसखशीहून बारीक, लांबट काळे ठिपके दिसले. बोटाने चोळले तरी ते निघेनात, नखाने खरवडल्यावर सुटले. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पाण्यालगतच्या ओलसर भिंतीला एकेक करून चिकटवते. म्हणून तळ चकचकीत करण्यात वेळ घालवू नये. पाण्याच्या रेषेपासून चार बोटे वर आणि चार बोटे खाली एवढा पट्टा नारळाच्या काथ्याने व राखेने, जोर लावून, गोल फिरत दोनदा घासावा. सिमेंटचा हौद खरबरीत असल्याने त्याला तारेचा ब्रशच लागतो. रांजणाच्या गळ्याखालचा वळसा डोळ्यांना दिसत नाही, तो हाताने चाचपून घासावा. ऊन दाखवले की अंडी मरतात, या समजावर अजिबात विसंबू नये. सुकलेले अंडे पाण्याची वाट पाहत टिकून राहते. हौद आणि लोखंडी टाकी घासल्यावर वरून उकळते पाणी फिरवावे.

घासलेले पाणी मोरीत किंवा नालीत सोडू नये, कारण सुटलेली अंडी तिथेही फुटू शकतात. ते तापलेल्या कोरड्या जमिनीवर पसरून टाकावे. कूलरचे जुने गवत धुऊन पुन्हा बसवण्यापेक्षा जाळून टाकावे आणि टाकीच्या कडा वर सांगितल्याप्रमाणेच घासाव्यात.

भरल्यावर तोंड कापडाने घट्ट बांधावे. रिकामा करताच येत नाही अशा मोठ्या टाक्यात गप्पी मासे सोडावेत.

मादी एका खेपेची अंडी एकाच भांड्यात न घालता आजूबाजूच्या अनेक भांड्यांत वाटते, तेव्हा शेजारच्या दोन-तीन घरांनी हे काम एकाच दिवशी करावे. चौथ्या दिवशी प्रत्येक भांड्यात बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. अळी दिसलीच तर पाणी फेकून पुन्हा त्याच पट्ट्यावर, विशेषतः गळ्याखालच्या वळशावर, काथ्या चालवावा.